कुलूप कुणासाठी?

२ सप्टेंबर

अहो आई,

नमस्कार. तुमचं पोस्टकार्ड पोचलं. पुढच्या बाजूला समुद्र आहे आणि मागच्या बाजूला त्याच समुद्रात तुमचा फोन कसा पडला त्याची हकीगत. शेवटी हुकूम: नवा फोन घेणार नाही, काय ते पत्राने कळवा. म्हणजे आता आम्ही घरभर पेन शोधायचं! सापडलं, पण त्यातली शाई वाळलेली. मग दुकानातलं आणून लिहायला बसलेय.

दुकान बरं चाललंय. किल्ल्या कापायचं मशीन कुरकुरतंय, पण चालतंय. गिऱ्हाइकं रोज विचारतात, "मावशी कुठायत?" मी सांगते, "जग बघायला गेल्यात." मग हमखास पुढचा प्रश्न, "एकट्याच?" आणि असं माझ्याकडे बघतात, की मीच तुम्हाला घराबाहेर काढलंय.

आता मुद्द्याचं बोलते. तुम्हाला स्टेशनवर सोडून आले, वर गेले, तुमच्या पलंगाची चादर धुवायला काढावी म्हणून दार ढकललं, तर दाराला कुलूप. तेही बाबांच्या हातचं, सात लिव्हरचं. आई, आपला धंदा कुलपांचा, पण आपल्या घरात आतल्या खोलीला कधी कुलूप लागलेलं मी पाहिलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "खाली दुकानात हवी तेवढी कुलपं लाव, वर एकही नको." मग हे काय?

बाबांनी मला जे शिकवलं ते त्याच कुलपावर शिकवलं. मनात आणलं तर दोन मिनिटांत उघडीन, पण उघडणार नाही. तुम्ही लावलंय, तर तुम्हीच सांगा का लावलं ते. तुमच्या चिरंजीवांना विचारलं, तर "असेल काहीतरी" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. नेहमी पाच मिनिटांत टाकतात, त्या दिवशी लग्नाच्या जाहिरातीसुद्धा वाचल्या.

उत्तर लवकर पाठवा. मला हे मनात घेऊन दुकानात बसवत नाही.

तुमची सून


१७ सप्टेंबर

सूनबाई,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. पत्र घेऊन आलेल्या माणसाने ते माझ्या हातात न देता आधी समोरच्या म्हातारीला दाखवलं, तिने उलटंसुलटं करून पाहिलं, तिकीट कसलं आहे ते बघितलं आणि मग मला दिलं. इथे सगळा कारभार असाच आहे.

प्रवासाचं विचारू नकोस. एकटीने फिरायचं म्हणजे दिवसभर एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं: "एकट्याच?" बसचा ड्रायव्हर विचारतो, तिकीटवाला विचारतो, वाटेत पाणी देणारी बाई विचारते. अरे, मी काय एक पाय घरी विसरून आलेय का? त्या बसचं तर काय सांगू. ड्रायव्हरला भूक लागली, त्याने बस त्याच्या बहिणीच्या दारात उभी केली, आणि तो एकटा जेवेल तर शपथ! आम्हा सगळ्या उतारूंना आत नेलं. बहीण बिचारी कपाळाला हात न लावता ताटं मांडत होती. मी घड्याळ दाखवत राहिले, तर तिने ते न्याहाळून "छान आहे" अशी मान डोलावली.

त्याआधी ज्या घरी उतरले होते तिथे जेवणानंतर आपण होऊन भांडी घासली. घरच्या सगळ्यांचे चेहरे पडले. माझ्यादेखत तीच भांडी त्यांनी पुन्हा घासली! पाहुणीने भांड्यांना हात लावला म्हणजे जेवण आवडलं नाही, असा तिथला हिशोब. मला कोण सांगणार? मग मी दुसऱ्या दिवशी ताट तसंच टाकून उठले, तर काय आनंद झाला सगळ्यांना.

आता मी आहे ते मात्र चांगलं घर आहे. चढाची गल्ली, दगडी पायऱ्या, एकाला एक चिकटलेली घरं. घरमालकीण माझ्याच वयाची, खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते. आमच्या दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं. मी वेत भिजवून देते, ती जेवू घालते. इथे चांगला महिना-दोन महिने टेकणार आहे, पत्ता हाच. फक्त एक गोष्ट बघून माझा जीव वरखाली होतो. या बाईच्या दाराला कुलूपच नाही. नुसती वाऱ्यापुरती खिट्टी! कुणीही येतं, कुणीही जातं. तुला आठवतंय ना, भेट द्यायला मी दुकानातली चार कुलपं घेतली होती? विमानतळावर त्या पोराने बॅग उघडून विचारलं होतं, "आजी, एवढी कुलपं कशाला?" त्यातलं सगळ्यात भारी कुलूप हिला बसवून देणार आहे. भोकं पाडायला गिरमिट शेजारी मिळालं. तिला न सांगता बसवीन, सकाळी उठून बघेल आणि हरखून जाईल.

खोलीचं काय घेऊन बसलीस? लावलं कुलूप, लावलं. म्हाताऱ्या माणसाच्या चार वस्तू असतात. तू दुकानाकडे लक्ष दे आणि मशीनला तेल घाल.

तुझी सासू


४ ऑक्टोबर

अहो आई,

"म्हाताऱ्या माणसाच्या चार वस्तू असतात." हे वाक्य मी दुकानात बसून वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकीची किल्ली दिली. त्या चार वस्तू मला ठाऊक आहेत हो. तुमच्या कपाटातल्या घड्या मीच घालते. तुमच्या गुडघ्याचं मलम कुठल्या कप्प्यात आहे ते तुम्ही मला विचारता. मग त्या वस्तू कुणापासून सांभाळताय?

गेल्या आठवड्यात वन्सं आल्या होत्या. राहणार होत्या. म्हणाल्या, आईच्या खोलीत झोपते. वर गेल्या आणि कुलूप बघून जिन्यात थांबल्या. मी मागेच होते, हातात उशी आणि चादर घेऊन. त्या माझ्याकडे वळल्या, हसल्या, आणि म्हणाल्या, "आईने कुलूप लावलं? मग काहीतरी असेलच की गं." बस्स, एवढंच. पुढे दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही, पण माझ्या हातचा चहा घेताना प्रत्येक वेळी तेच हसू. आई, कुणी मला तोंडावर बोललं असतं तर मी भांडले असते. त्या हसण्याला काय उत्तर देऊ? बैठकीत गादी घालून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तुमचे चिरंजीव म्हणाले, "तू कशाला मनावर घेतेस, उघड ना ते कुलूप, तुला येतं." मी म्हटलं, "येतं म्हणूनच उघडणार नाही." त्यांना कळलं नाही. कुलूपवाल्याच्या घरात जन्माला येऊन त्यांना खिट्टीचा स्क्रू पिळता येत नाही, हे कुठून कळणार.

म्हणून स्पष्ट लिहिते. बाजारामागच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय. मी जाऊन बघून आले. ज्या घरात माझ्यावर कुलूप लागतं त्या घरात मी सून म्हणून राहणार नाही. दुकान सांभाळीन, दिवसभर येईन, तुम्ही परत आलात की तुमची सेवाही करीन, पण रात्री माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे असेल. डिसेंबरात ते घर मिळतंय. त्याआधी मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर हवंय: ते कुलूप माझ्यासाठी आहे का?

त्या खुर्चीवालीला कुलूप बसवलंत का? तिला विचारून बसवायला हवं होतं, असं मला वाटतं. पण मला कोण विचारतंय.

सून


२० ऑक्टोबर

सूनबाई,

हे पत्र आहे की काय! वाचून पायऱ्यांवर बसले ती उठवेना. घर सोडण्याच्या गोष्टी? नाही, ते कुलूप तुझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी नाही, नाही, नाही. झालं समाधान? आता ते दोन खोल्यांचं खूळ डोक्यातून काढ. माझ्या लेकीची जीभ तुला आजच कळली का? तिच्या हसण्यावर घरं मोडायला लागलो तर गावात एकही घर उभं राहणार नाही.

आधीच मी इथे बेजार झालेय. कुलूप बसवलं. चौकट जुनी, लाकूड लोखंडासारखं. हात भरून आले, पण काम असं फक्कड झालं की तुझे सासरे असते तर पाठ थोपटली असती. दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, खट्! त्या आवाजाने मलाच इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. किल्ली उशाशी ठेवून झोपले.

आणि सकाळी आक्रीत झालं. या गल्लीत पद्धत अशी की जो आधी उठेल त्याने शेजारच्या घरात शिरून किटली शेगडीवर ठेवायची. घरच्यांना जाग येते ती शिट्टीने. आमच्याकडे किटली ठेवायला समोरची म्हातारी येते. हो, तीच, माझं पत्र तपासणारी. मी तिचं नाव मुकादम ठेवलंय, कारण गल्लीत कुणी कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे हेही तीच ठरवते. तर मुकादम आली, दार ढकललं, उघडेना. पुन्हा ढकललं. कुलूप दिसलं. तिने हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. गुमान परत गेली. शिट्टी झाली नाही म्हणून घरमालकीण उठली नाही, एका खानावळीला खुर्च्या पोचवायच्या होत्या त्या राहिल्या, तो खानावळवाला येऊन हातवारे करून गेला. आणि मी बापडी किल्ली तिच्यापुढे धरून उभी, हिला आता आनंद होईल म्हणून!

तिने कुलूप बघितलं आणि मटकन खाली बसली. इथे दाराला कुलूप लावायचं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचं. त्या मोडक्या इंग्रजीत तिने मला चारदा विचारलं, "तिने काय चोरलं?" अगं, कुणी काही चोरलं नाही बाई! मी भेट दिलीय! चांगलं भारी कुलूप, गंजणार नाही, कापता येणार नाही! तर ती आणखीच रडायला लागली.

कुलूप मी तेव्हाच काढलं. पण मुकादम काही येत नाही. आता इथली सकाळ शिट्टीशिवाय उजाडते. गल्लीतून जाताना बायका बोलायच्या थांबतात. खुर्चीवालीने समोर जाऊन समजूत घातली, मुकादमने ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली नाही. मला तर चीडच आली. एवढा कसला मेला अभिमान? एका कुलपाचं एवढं मनाला लावून घ्यायचं? माणसाने सरळ येऊन विचारावं, का गं बाई लावलंस, मी सांगितलं असतं, मोकळं झालं असतं.

निघून दुसऱ्या गावी जावं असं रोज वाटतं. पण हिचं घर मी नासवलं आणि मीच कशी जाऊ?

तुझी सासू


५ नोव्हेंबर

अहो आई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला हसूच यायला लागलं, आणि हसता हसता राग इतका आला की चष्मा काढून ठेवावा लागला.

मुकादमला तुम्ही काय म्हणता? एका कुलपाचं एवढं मनाला लावून घ्यायचं. सरळ येऊन विचारावं. आई, मी दोनदा विचारलं हो! तिने दार तरी वाजवलं नाही, मी तर वाजवून वाजवून दमले. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात चार वस्तू असतात, दुसऱ्यांदा म्हणालात तुझ्यासाठी नाही, नाही, नाही. मग कुणासाठी आहे? घरात आपण तिघं. तुम्ही तिकडे. उरलो आम्ही दोघं. माझ्यासाठी नाही म्हणता, आणि तुमच्या पोटच्या मुलासाठी असणार नाही. मग काय, मांजरासाठी आहे?

तुमची खुर्चीवाली एका सकाळीत जे समजली ते तुम्हाला अजून उमगत नाही. मी रोज सकाळी त्या दारावरून जाते. पूर्वी जाता जाता आत डोकावून खिडकी उघडायची, बिछाना झटकायची, तुमचा तांब्या घासायला न्यायची. मला कुणी सांगितलं नव्हतं ते करायला. आता तिथून जाताना मी भिंतीकडे बघत जाते. माझ्याच घरात! तुम्ही त्या म्हातारीवर चिडताय, आणि ती जे भोगतेय तेच इथे मी भोगतेय, ते तुम्हाला चार पानं लिहूनही दिसलं नाही.

त्या घराच्या मालकाला मी हो म्हणून आलेय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवणार. तुमचे चिरंजीव काहीच बोलत नाहीत. मी खोके आणले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते फिरायला गेले. पावसात. छत्री न घेता. या माणसाला काही विचारावं तर तो फिरायला जातो.

तुम्ही खरं काय ते लिहिणार असाल तरच लिहा. नाहीतर मुकादमच्या गोष्टी मला नकोत.

सून


१९ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वेत भिजवत होते. वाचलं आणि तसेच ओले हात घेऊन बसून राहिले. खुर्चीवालीने विचारलं, "घरी कुणी वारलं?" मी म्हटलं, नाही, सून रागावलीय. ती म्हणाली, "मग लवकर लिही."

तर लिहिते. ते कुलूप माझ्या मुलासाठी आहे.

ऐक आता. मी निघायच्या आधीच्या आठवड्यात तू घाऊक बाजारात गेली होतीस. मी जिन्यात होते. माझ्या खोलीत माझा मुलगा सुताराला घेऊन उभा होता. फूटपट्टी लावून मोजत होते. तो म्हणाला, "पलंग काढून टाकू, कपाट काढून टाकू. आई गेली की काम सुरू करा. ती यायच्या आत झालं पाहिजे." सुताराने विचारलं, "आजी कुठे राहतील?" तर हा म्हणाला, "बैठकीत होईल सोय." बैठकीत! ज्या घराची वीट न् वीट मी आणि तुझ्या सासऱ्यांनी किल्ल्या घासून उभी केली, तिथे माझी बैठकीत सोय! जिना उतरले, दुकानातून कुलूप काढलं आणि निघायच्या दिवशी लावलं.

तुला का नाही सांगितलं? कसं सांगू? तुझा नवरा आईला खोलीतून काढतोय, हे मी तुला सांगायचं? तुझ्या नजरेतून तो उतरला असता. एकच मुलगा आहे, घुमा आहे, पण तुझ्यावर जीव आहे त्याचा. म्हटलं, राहू दे, परत गेल्यावर त्याचा कान मी धरीन. तुझ्या कानावर जाऊच नये म्हणून गप्प बसले, आणि झालं भलतंच.

आणि एक सांग. तुझ्यासाठी मी कुलूप लावीन का गं? तुला जे दोन मिनिटांत उघडतं ते कुलूप तुझ्यासाठी कसं असेल? कुलूप त्याच्यासाठी लावायचं असतं ज्याला उघडता येत नाही. ते त्याच्यासाठी होतं, ज्याला खिट्टीचा स्क्रू पिळता येत नाही. एवढी हुशार तू, आणि हे तुझ्या डोक्यात आलं नाही?

बरं, चिडू नकोस. तू मुकादमच्या गोष्टी नको म्हणालीस, तरी एक सांगतेच, कारण ती तुझ्या पत्रामुळेच घडली. तू लिहिलंस ना, वाजवून वाजवून दमले म्हणून. मला वाटलं, मुकादमने माझ्याकडे यायची वाट बघण्यात अर्थ नाही, मीच तिच्याकडे गेलं पाहिजे, आणि तेही इथल्या रीतीने, दार न वाजवता. तुला सांगते, सगळ्या प्रवासात एवढं अवघड काही वाटलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांच्या किल्ल्या केल्या, पण कुणाच्या दारातून हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकलं नाही. सकाळी तिच्या उंबऱ्यात उभी राहिले. खाकरले. परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी डोळे मिटले आणि शिरले! म्हातारी मोरीत केस धूत होती. मला बघून अशी किंचाळली की भांडं पडलं. मी म्हटलं, संपलं सगळं. पण मी तशीच शेगडीकडे गेले, किटली भरली आणि वर ठेवली. ती केस पिळत आली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि काय केलं? कांद्यांची टोपली माझ्यापुढे आदळली आणि सुरी दिली. गुपचूप बसून सगळे कांदे चिरले. जाड झाले म्हणून दोनदा ओरडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी आमच्या किटलीची शिट्टी वाजली. खुर्चीवाली उठली ती रडतच, आणि आल्या आल्या मुकादमने तिलाच झापलं, केर का काढला नाहीस म्हणून.

तेव्हा आता ऐक. कुलूप काढ. हवं तर तोड. माझ्या मुलाला विचार, आणि फार बोलू नकोस त्याला. पण घर सोडू नकोस, पोरी. मी पुढच्या गावांची सगळी तिकिटं रद्द केलीत, पुढच्या महिन्याच्या मध्याला निघतेय. तू त्या घरात नसशील तर मी जग बघून यायचं कुठे?

तुझी सासू


३ डिसेंबर

अहो आई,

हे पत्र तुम्हाला निघायच्या आधी मिळेल की नाही ठाऊक नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही दोघं मायलेक मला वेड लावणार आहात. तुमचं पत्र वाचलं आणि खाली जाऊन दुकानाचं शटर ओढलं. गिऱ्हाईक होतं, त्याला म्हटलं, उद्या या. तुमच्या चिरंजीवांना ऑफिसातून बोलावून घेतलं. फिरायला जाता येऊ नये म्हणून चपला लपवल्या. मग विचारलं, आईची खोली सुताराला का दाखवलीत?

आई, तो बोलायला लागला आणि मला हसावं की रडावं कळेना. खोली माझ्यासाठी होती. म्हणे, दुकानातल्या त्या कोपऱ्यात ती वाकून वाकून कानस चालवते, पाठ दुखते म्हणते, वर उजेडात तिला टेबल करून द्यावं. मोठं टेबल, खण, मशीनला जागा. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे! तुम्ही आल्यावर तुमचे पाय धरून सांगणार होता. आणि तुम्ही कुलूप लावलंत तेव्हा त्याला वाटलं, आईला कळलं. लाजेने तुम्हाला विचारलं नाही. मी चिडले तेव्हा मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर म्हणे मी म्हणाले असते, आईच्या खोलीवर डोळा ठेवलात? अहो, म्हटलेच असते! आणि आत्ताही म्हटलं. म्हटलं, कुणाची खोली कुणाला देताय? आई खुर्च्या विणतायत म्हणून त्यांनी खोली सोडली का? आधी त्यांना विचारायचं नाही, मग मला सांगायचं नाही, वर मी घर सोडून चालले तरी तोंड उघडायचं नाही! एवढं प्रेम तुमचं तुम्हालाच ठेवा. बिचारा खोक्यावर बसून राहिला. मग तेच खोके त्याने स्वतः उघडून भांडी मांडणीवर लावली. चुकीच्या जागी लावली आहेत, पण मी बदलली नाहीत.

तुमच्यावरचा रागही गेलेला नाही, हे सांगते. तुम्ही मुलगा माझ्या नजरेतून उतरू नये म्हणून मला तीन महिने जळू दिलंत. तो उतरला असता तर मी बघून घेतलं असतं. नवरा माझा आहे, चार दिवस बोलले नसते आणि मग बोलले असते. पण तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला नाहीत, हे मला कुलपापेक्षा जास्त लागलंय. आल्यावर यावर मी भांडणार आहे. तयारीने या.

त्या घरमालकाला नाही म्हणून कळवलंय. तोही वैतागला.

आता एक खरं सांगते. तो टेबलाचं बोलला, तेव्हा मी वर जाऊन तुमच्या दारासमोर उभी राहिले. आत सकाळचा उजेड कसा येतो ते मला माहितीय. टेबल कुठे बसेल तेही डोळ्यापुढे आलं. मशीन खिडकीशी, कानशी भिंतीला. थोडा वेळ फार हावरटासारखं वाटलं, आई. हातही कुलपाकडे गेला. तुम्हीच काढ म्हणून लिहिलं होतं, कुणी अडवलं नसतं. मग माझीच मला लाज वाटली.

म्हणून मी कुलूप काढलं नाही. तुमच्या कुलपाखाली दुसरी कडी ठोकली आणि माझं कुलूप लावलं. बाबा गेल्यावर मी बनवलेलं पहिलं, तुम्ही "दाते जरा जाड झालेत" म्हणाला होतात ते. तुमचं कुलूप मला उघडता येतं, माझं तुम्हाला उघडता येईल, आपण दोघी एकाच माणसाकडून शिकलोय. तरी तुमच्याला मी हात लावणार नाही आणि माझ्याला तुम्ही लावायचा नाही. तुमचं तुम्ही उघडायचं, माझं मी. मग दोघी आत बसून ठरवू, पलंग कुठे, टेबल कुठे, आणि त्याला बाहेर उभा ठेवू.

तुम्ही याल तेव्हा मी शटर बंद करून वर येईन. तोपर्यंत ती खोली अशीच राहील.

तुमची सून